हुकूम वेगळा, करंट वेगळा

रस्त्यासाठी बनवलेले हेडलाइट कच्च्या वाटेवर अपुरे पडतात, त्यात गाडीचा दोष नसतो. डिप्परचा उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याची वरची कड मुद्दाम कापलेली असते, आणि अप्परचा झोत लांब पण अरुंद ठेवलेला असतो. डांबरी रस्त्यावर हे अगदी बरोबर आहे. पण सह्याद्रीतल्या एखाद्या धनगरवाड्याकडे चढणाऱ्या दगडी वाटेवर, ओढ्याच्या पात्रात किंवा कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर रात्री गाडी घातली की चालकाला चाकासमोरचं आणि दोन्ही अंगांचं दिसायला हवं असतं. चाकोरी किती खोल आहे, दगड कुठे वर आला आहे, वळणावर कड कुठे संपते, हे त्याला आधी कळलं पाहिजे. म्हणून थार, गुरखा, बोलेरो पिकअप किंवा जुनी जीप बाळगणारे लोक बंपरवर किंवा छपरावर जादा दिवे लावून घेतात. दुकानात मग वॅट, ल्युमेन, कंपनी आणि किंमत यांची भरपूर चर्चा होते. वायरिंगचा विषय मात्र शेवटी निघतो आणि ‘ते आपला वायरिंगवाला करेल’ एवढ्यावर मिटतो. खरं तर दिवा किती उजेड देणार, किती दिवस देणार आणि गाडी सुखरूप राहणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या शेवटी निघालेल्या विषयावर ठरतं.

या वायरिंगमध्ये रिले घालावा, असं सगळेच सांगतात. त्याचं कारणही ठरलेलं असतं: डॅशबोर्डवरचा छोटा स्विच दिव्यांचा करंट सोसत नाही, तो जळतो, म्हणून रिले. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे, आणि या अर्ध्या समजुतीतूनच पुढच्या चुका होतात. स्विच वाचवणं हा रिलेचा जोडफायदा आहे. त्याचं मुख्य काम आहे मोठ्या करंटची वाट आखूड करणं. रिले असला की दिव्यांचा करंट बॅटरीपासून दिव्यांपर्यंत सगळ्यात जवळच्या वाटेने जातो, आणि चालकाच्या हातापर्यंत फक्त हुकूम पोचवणारी बारीक वायर येते. ही गोष्ट नीट लक्षात घेतली तर रिले कुठे बसवायचा, वायर किती जाड घ्यायची, फ्यूज कुठे लावायचा, स्विचला करंट कुठून द्यायचा आणि रिले कधी नसला तरी चालतो, हे सगळं त्यातूनच उलगडत जातं.

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर ज्यांनी उघडा पाहिला आहे, त्यांना रिले वेगळा समजावून सांगायची गरज नाही. हिरवं बटण दाबणारं बोट मोटारीचा करंट चालू करत नाही. ते आतल्या कॉइलला थोडा करंट देतं, कॉइल चुंबक होते, चुंबक कॉन्टॅक्टरचे जाड संपर्क ओढून मिटवतो आणि मोटारीचा खरा भार त्या संपर्कांतून वाहतो. गाडीतला रिले म्हणजे याच कॉन्टॅक्टरचं काडेपेटीहूनही लहान रूप. त्याच्या पिनांचे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातून आले आहेत आणि ते जगभर चालतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं, ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा करंट, आणि ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारा. पाच पिनांच्या रिलेत ८७ए नावाची आणखी एक पिन असते. ती रिले बंद असताना ३० ला जोडलेली असते आणि चालू झाल्यावर सुटते. दिव्याची वायर चुकून तिच्यावर लावली, तर स्विच बंद केल्यावर दिवे लागतात आणि चालू केल्यावर विझतात. बारा व्होल्टच्या नेहमीच्या रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ८० ते ९० ओहम असतो, म्हणजे ती जेमतेम ०.१५ अँपियर घेते. संपर्क मात्र ३० किंवा ४० अँपियर वाहण्यासाठी बनवलेले असतात. म्हणजे हुकूम आणि भार यांच्यात दोनशेपटींहून अधिक फरक आहे.

हे उपकरण जन्माला आलं तेच मुळी लांब वायरीच्या अडचणीतून. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे जोसेफ हेन्री या भौतिकशास्त्रज्ञाने १८३५ च्या सुमारास ही युक्ती केली. लांबच लांब तारेतून करंट नेला की तो टोकाला क्षीण होतो, एखादं जड काम करण्याइतका जोर त्यात उरत नाही. हेन्रीने त्या क्षीण करंटाकडून फक्त एक लहानसा संपर्क हलवून घेतला, आणि जड काम टोकाजवळच ठेवलेल्या दुसऱ्या बॅटरीकडे सोपवलं. पुढे तारायंत्राच्या लांब पल्ल्याच्या लाइनी याच तत्त्वावर चालल्या. स्विच दुबळा आहे ही त्याची अडचण नव्हती, तार लांब आहे ही होती. गाडीत मैलांची तार नसते हे खरं. पण गाडीत व्होल्टेजही जेमतेम बारा-चौदा असतं, त्यामुळे तिथे पाच मीटर हे अंतरही लांबच ठरतं. घरच्या २३० व्होल्टमध्ये वायरीत एक व्होल्ट गळला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. बारा व्होल्टमध्ये तोच एक व्होल्ट म्हणजे आठ टक्क्यांहून मोठा घाटा.

तो घाटा किती पडतो, हे साध्या गणिताने काढता येतं. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या स्विचमधून आणि पायाने दाबायच्या डिप्परमधून फिरून पुढे जायचा, मध्ये रिले नसायचा. अशा गाडीत ५५ वॅटचे दोन हॅलोजन त्याच पद्धतीने लावले असं धरू. बारा व्होल्टला दोघांचा मिळून करंट होतो ९.२ अँपियर. बॅटरीपासून फायरवॉल ओलांडून डॅशपर्यंत आणि तिथून परत बंपरपर्यंत सहज पाच मीटर वायर लागते. एक स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण १७.५ मिलिओहम असतो, म्हणजे पाच मीटरांत ०.८ व्होल्ट वायरीतच गेले. फ्यूज बॉक्स, चावीचा स्विच, दिव्याचा स्विच आणि दोन-तीन कपलर यांचे सांधे मिळून ५० मिलिओहम धरले तर आणखी ०.४६ व्होल्ट. अर्थच्या बाजूला रंगावर कसलेला बोल्ट असेल तर त्याचे पाव व्होल्ट वेगळे. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट असले तरी दिव्यापाशी पोचतात जेमतेम १२.३. ही घट अकरा टक्क्यांची आहे. हॅलोजनचा उजेड मात्र व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तो व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने घटतो. तंतूचं तापमान उतरलं की वीज उजेडाऐवजी उष्णतेच्या अदृश्य किरणांत जास्त जाते आणि उरलेला उजेडही पिवळट होतो. अकरा टक्के व्होल्टेज गेलं म्हणजे उजेडाचा जवळजवळ एक तृतीयांश गेला.

आता तेच दिवे रिलेवर घेऊ. बॉनेटखाली बॅटरीपासून रिले आणि रिलेपासून दिवा, अशी अडीच स्क्वेअरची दीड मीटर वायर पुरते. तिचा रोध दहा-अकरा मिलिओहम. फ्यूज, रिलेचे संपर्क आणि कपलर यांचे वीस, आखूड आणि स्वच्छ अर्थचे दहा. एकूण चाळीस मिलिओहम, म्हणजे ०.३७ व्होल्टचा घाटा. दिव्याला १३.४ व्होल्ट मिळतात आणि उजेड फक्त नऊ टक्क्यांनी कमी पडतो. दिवे तेच, बॅटरी तीच. ज्या उजेडासाठी लोक ५५ चे बल्ब काढून १०० वॅटचे घालतात, तो आधीच विकत घेतलेला असतो आणि वायरीत वाया जात असतो. त्यात १०० वॅटचे बल्ब त्याच लांब वाटेवर घातले की करंट सोळा-सतरा अँपियरवर जातो, घाटा त्याच प्रमाणात वाढतो, आणि रस्त्यावर पडायला हवी ती वीज डॅशच्या मागे गरम होत राहते.

हे गरम होणं वेगळं समजून घेण्यासारखं आहे, कारण धोका तिथे आहे. सांध्यात निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्विचचा संपर्क जुना होऊन त्याचा रोध ५० मिलिओहमवर गेला, तर ९.२ अँपियरला तिथे चार वॅटहून जास्त उष्णता तयार होते. चार वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते नखाएवढ्या पितळी पट्टीत आणि तिच्याभोवतीच्या प्लॅस्टिकमध्ये कोंडलेले असतात. उष्णतेने पट्टीची स्प्रिंग ढिली पडते, ढिल्या पट्टीचा रोध वाढतो, वाढलेल्या रोधाने उष्णता आणखी वाढते. प्लॅस्टिक पिवळं, मग तपकिरी, मग मऊ होतं. त्याच संपर्कातून फक्त कॉइलचा ०.१५ अँपियर गेला, तर उष्णता होते सुमारे एक मिलिवॅट. चार हजारपट फरक आहे हा. शिवाय हॅलोजनचा थंड तंतू पेटताना क्षणभर नेहमीच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त करंट ओढतो. संपर्कावर काळे डाग पडतात ते या पहिल्या क्षणी. तो मार डॅशवरच्या स्विचने खायचा की काढून नवा टाकता येणाऱ्या रिलेने, हे आपण ठरवू शकतो.

वाट आखूड करणं हा रिलेचा मूळ हेतू धरला, की बाजारात सर्रास दिसणारी एक चूक लगेच ओळखता येते. रिले डॅशखाली, स्विचच्या शेजारी बसवलेला असतो. त्याला करंट दिलेला असतो आतल्या फ्यूज बॉक्समधल्या एखाद्या मोकळ्या जागेतून, आणि तिथून पातळ वायर परत बंपरकडे जाते. स्विच वाचतो, पण लांब वाट तशीच राहते, व्होल्टेजची गळती तशीच राहते, आणि भार वाहणारी वायर दोनदा फायरवॉलच्या पत्र्यातून घासत जाते ती वेगळीच. वर गाडीच्या मूळ फ्यूज बॉक्सवर त्याने कधी हिशेबात न धरलेला भार येतो. रिले आहे का, याआधी विचारायला हवं की रिले कुठे आहे. त्याची जागा बॉनेटखाली, बॅटरी आणि दिवे यांच्या मधल्या वाटेवर. एक्झॉस्टपासून दूर, शक्य तितका उंच, आणि पिना खाली केलेल्या, म्हणजे पाणी आत साचणार नाही. पाण्याची धास्ती आपल्याकडे खरी आहे. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात होत आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत गाड्या बॉनेटपर्यंत पाण्यात जातात, आणि स्पर्धा नसली तरी कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत उघडा सांधा एका पावसाळ्यात हिरवा पडतो. ३० नंबरच्या पिनेवर बॅटरी कायम जोडलेली असते. ओल धरली की चावी बंद असतानाही तिथलं तांबं झिजत राहतं. म्हणून सीलबंद रिले आणि झाकणाचं सॉकेट यांवर खर्च केलेले पैसे वाया जात नाहीत.

फ्यूजच्या जागेबद्दल मात्र तडजोड करू नये. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो, म्हणून तो वायर जिथे सुरू होते तिथे, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. दिव्याजवळ बसवलेला फ्यूज स्वतःच्या पुढच्या वायरीचं रक्षण करतो. त्याच्या मागची, बॅटरीपर्यंतची सगळी वायर उघडी पडते. गाडीची चांगली बॅटरी शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपियर देऊ शकते. अडीच स्क्वेअरची वायर पत्र्यावर घासून सोलली गेली आणि वाटेत फ्यूज नसला, तर काही सेकंदांत तिचं आवरण वितळतं आणि आग शेजारच्या वायरींना लागते. दोन ५५ वॅटच्या दिव्यांना १५ अँपियरचा, म्हणजे निळा फ्यूज योग्य आहे. तो उडाला म्हणून त्याजागी ३० चा हिरवा घालणं म्हणजे इशारा देणाऱ्याचं तोंड बंद करणं. वायरीबाबतही घाई नको. घरगुती वायरिंगची साधी पीव्हीसी वायर बहुधा ७० अंश सेल्सिअसच्या मर्यादेची असते, आणि बॉनेटखाली, विशेषतः घाट चढून थांबलेल्या इंजिनाशेजारी, तापमान त्या पलीकडे जाऊ शकतं. गाडीसाठी बनवलेली, जास्त तापमानाची वायर घ्यावी. तयार हार्नेस घेतला तर त्याची तार खरवडून पाहावी. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, आणि त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. वरून पांढरी आणि आतून तांबूस असेल तर ती कल्हई केलेली तांब्याची तार, आणि दमट हवेसाठी ती उत्तमच.

वाट आखूड झाली, आता हुकमाचा विचार. इथे रिलेचा दुसरा मोठा फायदा पुढे येतो, आणि त्याच्याकडे दुर्दैवाने सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. हुकमाची वायर बारीक असल्यामुळे तिच्यावर अटी घालता येतात. डॅशवरच्या स्विचला करंट थेट बॅटरीवरून न देता हेडलाइटच्या अप्परच्या वायरीवरून द्यावा. मग जादा दिवे लागायला दोन गोष्टी एकदम लागतात: चालकाने स्विच चालू केलेला हवा आणि अप्पर लावलेला हवा. समोरून गाडी आली, सवयीने डिप्पर मारला, की अप्परबरोबर जादा दिवेही त्याच क्षणी विझतात. हात दुसऱ्या स्विचकडे न्यावा लागत नाही. चावी काढली की दिवे राहून गेले असं होत नाही, आणि हे बॅटरीसाठीही बरं: दीड-दोनशे वॅटचे दिवे इंजिन बंद ठेवून दोन तास जाळले, तर साठ अँपियर-अवरच्या बॅटरीतला जवळजवळ निम्मा साठा संपतो आणि रानात स्टार्टर फिरत नाही. स्विच कॉइलच्या पॉझिटिव्ह बाजूलाच ठेवावा आणि त्या बारीक वायरीलाही लहान फ्यूज द्यावा. काही जण स्विच अर्थच्या बाजूला घेतात. तेही चालतं, पण ती वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर दिवे आपोआप लागतात. पॉझिटिव्ह बाजूची वायर टेकली तर छोटा फ्यूज उडतो आणि दिवे विझतात. बिघाड व्हायचाच असेल तर तो दिवे बंद होण्याच्या बाजूने व्हावा.

अप्परशी जोडणी करणं ही नुसती सोय नाही. अरुंद घाटात वळणावर समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर शंभर-दोनशे वॅटचा झोत आला, तर पुढचे काही क्षण तो आंधळाच गाडी चालवत असतो, आणि दरीच्या बाजूला तो असतो की आपण, हे आधी ठरलेलं नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ नुसार गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला मनाई आहे. अपवाद फक्त विशेष परिस्थितीचा, तोही नोंदणी प्राधिकाऱ्याची आधी मंजुरी घेऊन. त्यामुळे असे दिवे शेतात, खासगी जागेत, स्पर्धेच्या मार्गावरच वापरायचे, आणि रस्त्यावर आल्यावर बंद तर करायचेच, शिवाय झाकायचे. नियम चालकाच्या आठवणीवर सोपवण्यापेक्षा वायरिंगमध्येच घालावा, असं मला ठामपणे वाटतं. डिप्परवर दिवे लागूच शकत नाहीत अशी जोडणी ही त्याची निदान पहिली पायरी आहे.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप एलईडीचा: हल्लीचे दिवे करंटच कमी घेतात, मग रिले कशाला? काही बाबतीत हे मान्य केलं पाहिजे. दहा-पंधरा वॅटचा एकच छोटा एलईडी दिवा एक अँपियरच्या आसपास घेतो. तो चांगल्या स्विचवर, स्वतःचा फ्यूज देऊन, रिलेशिवाय चालवला तर बिघडत काही नाही. पण लोक एक छोटा दिवा लावून थांबत नाहीत. छत्तीस वॅटचे दोन दिवे सहा अँपियर घेतात, मोठा बार त्याहून जास्त. आणि एलईडीच्या आतला ड्रायव्हर बहुधा ठरावीक वॅट ओढणारा असतो, म्हणजे व्होल्टेज कमी पडलं तर तो करंट वाढवून घेतो. १३.८ व्होल्टला ५.२ अँपियर घेणारे तेच दिवे ११ व्होल्टला साडेसहा घेतील. हॅलोजन मंद होऊन निदान गळती दाखवून देतो. एलईडी उजेड तसाच ठेवतो आणि सांधा मुकाट्याने तापवतो. शिवाय ड्रायव्हरमधले कपॅसिटर चालू होताना एकदम भरतात, त्याचा झटका छोट्या स्विचच्या संपर्कांना बसतोच. तेव्हा एलईडीने रिलेची गरज काही ठिकाणी काढून टाकली, पण आखूड वाटेची गरज काढली नाही. अप्परच्या वायरीवरून दिवे चालवायचे असतील तर करंट कितीही कमी असो, रिले हवाच, कारण कंपनीच्या त्या वायरीवर दिव्यांचा भार टाकायचा नसतो.

दुसरा आक्षेप, तीस अँपियरचा मजबूत स्विचच का घेऊ नये? स्विच टिकेल, पण पाच मीटरची वाट तशीच राहील आणि चालकाच्या गुडघ्याजवळ जाड, जिवंत वायर येईल. स्विचवर छापलेला आकडा घरगुती एसीसाठी असेल तर तो डीसीला लागू पडेलच असं नाही, कारण एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझवतो, डीसी ती सवलत देत नाही. चोवीस व्होल्टच्या मोठ्या ट्रकमध्ये हा फरक आणखी जाणवतो, आणि तिथे रिलेही चोवीस व्होल्टच्या कॉइलचाच घ्यावा लागतो. बारा व्होल्टची कॉइल तिथे तापून जळते.

तिसरा आक्षेप असा की रिले म्हणजे बिघडू शकणारी आणखी एक वस्तू. हो, रिले बिघडतो. कधी कॉइल तुटते, कधी संपर्क चिकटून दिवे विझतच नाहीत. पण तो सॉकेटमधून ओढून काढता येतो, कुठल्याही तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आणि बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिलेही त्याच मापाचा असतो, तो तात्पुरता घालून घरी पोचता येतं. डॅशचा वितळलेला स्विच रानात बदलता येत नाही. दिव्यांच्या दोन जोड्या असतील तर प्रत्येकीला वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज द्यावा, म्हणजे एक गेला तरी अंधार होत नाही.

हॅलोजन वापरणारे चौथा मुद्दा मांडतात, आणि तो बिनतोड वाटतो: व्होल्टेज वाढलं की बल्बचं आयुष्य घटतं. खरं आहे, आणि ते फार वेगाने घटतं, साधारण व्होल्टेजच्या बारा-तेराव्या घाताने. १२.३ वरून १३.४ व्होल्टवर गेलं तर आयुष्य जवळपास तिसऱ्या हिश्शावर येईल. पण गाड्यांच्या बारा व्होल्टच्या बल्बची चाचणी १३.२ व्होल्टला घेतात. म्हणजे १३.४ वर मिळतं ते साधारण बल्बचं ठरलेलंच आयुष्य. १२.३ वर मिळणारं जादा आयुष्य उजेड सोडून मिळवलेलं असतं. उजेडासाठीच बसवलेल्या दिव्यात हा सौदा कुणी जाणूनबुजून करणार नाही.

नव्या गाड्यांबद्दलची भीती मात्र रास्त आहे, आणि तिथे रिलेही डोळे झाकून लावू नये. अलीकडच्या गाड्यांत हेडलाइट संगणक चालवतो, तो करंट मोजतो, आणि काही गाड्यांत वीज सलग न देता सेकंदाला अनेक वेळा तोडून देतो. अशा वायरीवर कॉइल जोडली तर रिले थरथरतो. शिवाय कॉइल बंद होताना तिच्यातून उलटा झटका येतो, तो संगणकाला नको असतो. म्हणून कॉइलला समांतर डायोड किंवा रोध असलेला रिले घ्यावा. डायोड असेल तर ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ हा क्रम पाळावाच लागतो, उलटा लावला तर डायोड जळतो किंवा फ्यूज उडतो. कंपनीची वायर कापून जोड मारण्यापेक्षा कपलरला कपलर जोडणारी फांदी वापरावी. वॉरंटीचा प्रश्न निघतो तो बहुधा कापलेल्या वायरीवरून.

सांधे डागलेले असावेत की क्रिम्प केलेले, हा वाद जुना आहे. डाग पक्का दिसतो, पण वितळलेलं कथील तारेच्या धाग्यांत चढतं आणि लवचिक वायरीत एक ताठ टोक तयार होतं. कच्च्या वाटेच्या सततच्या हादऱ्यांनी वायर नेमकी त्या टोकाशी तुटते. योग्य पक्कडीने दाबलेलं थिंबल आणि त्यावर आतून गोंद असलेली स्लीव्ह, हा गाडीसाठी जास्त भरवशाचा सांधा. अर्थचं थिंबल रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून कसावं, किंवा सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत स्वतंत्र वायर न्यावी. गंजलेल्या जुन्या जीपच्या पत्र्यावर विसंबण्यापेक्षा ही वायर स्वस्त पडते.

शेवटचा आक्षेप कुणी शब्दांत मांडत नाही, पण तो सगळ्यांच्या मनात असतो: माझे दिवे तर छान लागतात. डोळा या बाबतीत चांगला साक्षीदार नाही. तो अंधाराला आणि उजेडाला सरावतो, आणि एक तृतीयांश उजेड कमी असला तरी शेजारी दुसरी गाडी उभी असल्याशिवाय फरक कळत नाही. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवून दिवे लावायचे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनेला लावायचं. दिवा बंद ठेवून हे करण्यात अर्थ नाही. करंट वाहत नसेल तर एका धाग्यावर टिकलेला सांधाही गळती दाखवत नाही. वाचन पाव-तीन दशांश व्होल्टच्या आत असेल तर ती बाजू ठीक. जास्त असेल तर एक टोक बॅटरीवर तसंच ठेवून दुसरं टोक फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, मग रिलेच्या ३० वर, मग ८७ वर असं पुढे सरकवत जायचं. जिथे आकडा एकदम उडी मारतो तो सांधा उघडायचा. मग हीच तपासणी दिव्याचा अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात करायची. जुन्या गाड्यांत गळती बहुतेक वेळा याच बाजूला सापडते.